जावयाची शंभर अंडी

बेटावर जाऊन स्वस्तात सुट्टी कशी घालवायची, हे आमच्या नोंथाबुरी शहरातल्या गल्लीत कुणालाही विचारा, तो तुम्हाला माझं घर दाखवील. आधी जरा हसेल, मग दाखवील. हसण्याकडे लक्ष देऊ नका. पैसे उडवणारी माणसं काटकसर करणाऱ्याला हसतात आणि महिनाअखेरीला त्याच्याच दारात येऊन घसा खाकरतात. मी चामनान, नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात उपलेखापाल. कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिणारा आमच्या कचेरीतला मी शेवटचा माणूस, आणि मला त्याचा अभिमान आहे.

तेव्हा आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण यातली एकेक सूचना मी स्वतः भोगलेली आहे.

झालं असं की माझ्या सासूबाईंना, म्हणजे बुआलॉयआईंना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्या आमच्याकडेच राहतात. सरकारी दवाखान्यात नंबर लावला, आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. ही तारीख चुकली तर पुढची मिळेपर्यंत म्हातारीला वर्षभर चाचपडत बसावं लागणार. मी खूश होऊन घरी सांगितलं, तर सासूबाई पानाचा विडा गालात सरकवत म्हणाल्या, "आधी नवस, मग डोळे."

"कसला नवस?"

"को नांगखॉय बेटावर समुद्राच्या आजोबांचं देऊळ आहे. मालिवानचं लग्न ठरायच्या आधी मी तिथे बोलले होते. फेडल्याशिवाय मी डोळ्याला सुरी लावून घेणार नाही. आजोबांचं देणं डोक्यावर असताना डॉक्टरचा हात चुकला म्हणजे?"

मालिवान म्हणजे माझी बायको. तिने लगेच डोळ्यांनीच मला सांगितलं, वाद घालू नका. मी विचारलं, "आई, नवस कशासाठी केला होता?"

"फिटेपर्यंत सांगायचं नसतं."

"बरं, वाहायचं काय?"

"शंभर अंडी," मालिवानच म्हणाली.

"नुसती अंडी नव्हेत रे," सासूबाई बोलायला लागल्या, "मी जे म्हटलं होतं ते..."

"आई, अंड्यांचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. इथे मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं असतं तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण हिशोबाची गोष्ट निघाली की मला धीर धरवत नाही.

आमच्या सासूबाईंचं आणि माझं कसं आहे, तेही सांगून टाकतो. पंचवीस वर्षांपूर्वी मालिवानला भाताच्या गिरणीवाल्याच्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं. ते का मोडलं, मला कधी कुणी सांगितलं नाही. पण मी ताटातला शेवटचा भात पुसून खायला लागलो की सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणतात, "गिरणीवाल्याकडे म्हणे कोंबड्यांनासुद्धा सुवासिक तांदूळ घालतात." मी सरळ त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायला घेतो. हे काम माझ्याकडे आहे, सकाळ-संध्याकाळ. मालिवानचा हात थरथरतो आणि निम्मं औषध गालावरून जातं. दवाखान्यातली बाई म्हणाली होती की एक बाटली महिनाभर पुरेल. माझ्या हातची पाच आठवडे पुरते. सांगायचा मुद्दा, त्या घरात माझा काही उपयोग आहे असं मानणारा मी एकटाच होतो.

असो. जायचंच आहे तर दोन दिवस सुट्टीही होऊन जाईल, असं मी ठरवलं. पहिली सूचना इथेच लिहून घ्या, बेटावर गर्दीच्या मोसमात जाऊ नये. नोव्हेंबरात जावं. तेव्हा आमच्या बाजूच्या समुद्राला उधाण असतं, फरांग म्हणजे गोरे पाहुणे फारसे येत नाहीत, आणि खोल्यांचे भाव निम्म्यावर येतात. भाव निम्म्यावर का येतात, याचा विचार मात्र आधीच करून ठेवावा.

दुसरी सूचना, जाणार असल्याचं शेजाऱ्यांना सांगू नये. आमच्या शेजारचे प्राचुआपकाका बँकेतून निवृत्त झाल्यापासून गल्लीला सल्ले वाटत असतात. मी दारात अंड्यांचे ट्रे उतरवून घेत होतो, तेव्हा ते कुंपणावर कोपरं टेकून उभे राहिले.

"नवस ना? मग शब्द काय होते?"

"शंभर अंडी, काका."

"तसं नाही चामनान. नेमके शब्द. देव लोक शब्दाला फार पक्के असतात. माझ्या मेहुण्याने बढती मिळाली तर मोटार वाहीन म्हणून नवस केला. बढती मिळाली. याने खेळण्यातली मोटार नेऊन ठेवली. आठवड्याच्या आत याची खरी मोटार कालव्यात!"

"काका, तुमचा मेहुणा गाडी चालवताना झोपतो. सगळ्यांना माहीत आहे."

"झोप कुणी आणली?" काका म्हणाले. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. नवसाला कोंबडीची चालत नाहीत, बदकाची लागतात, असं त्या म्हणाल्या. मग काका-काकूंचंच जुंपलं, आणि मी ट्रे घेऊन आत आलो.

आता तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. बेटावर प्रत्येक वस्तू बोटीतून येते, म्हणून तिथे काहीही विकत घेऊ नये. जे लागेल ते घरून न्यावं. आम्ही भात शिजवायचं भांडं, खलबत्ता, मासळीच्या सॉसची बाटली, शेवयांची पाकिटं आणि शंभर अंडी घेऊन निघालो. अंडी घरीच उकडली, कारण बेटावर गॅसही महाग. सासूबाई म्हणाल्या, "चार जास्त घे. वाटेत फुटतात." मी म्हणालो, "शंभर म्हणजे शंभर, आई. मोजून घेतलीत." त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता.

गाडीचा प्रवास तिसऱ्या वर्गाने, लाकडी बाकावर. त्याबद्दल काही सांगत नाही, मालिवानने अजून मला माफ केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर पोचलो. तिथून बेटावर दोन प्रकारच्या बोटी जातात. एक जलद बोट, तिच्यात थंड हवा आणि हातात पाण्याची बाटली देतात. दुसरी मालाची बोट, तिच्यात सिमेंटची पोती, कोबी, बर्फाच्या लाद्या आणि माझ्यासारखे समजूतदार लोक असतात.

फळीवरून चढताना तिकीट तपासणाऱ्याने नाक वर केलं. दोनदा हुंगलं. माझ्या मोठ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, ते डुरियनचं फळ उतरवा. पाटी वाचता येते ना? त्याचा वास अख्ख्या बोटीला सोसावा लागतो."

"डुरियन? नोव्हेंबरात डुरियन कुठून येणार?"

"तेच मी विचारतोय!"

"अहो, अंडी आहेत ती. उकडलेली."

"एवढी अंडी कोण नेतो?" तो म्हणाला. मागे रांग थांबली होती. एक बाई म्हणाली, डुरियनचे गर काढून डब्यात भरून नेतात, तिच्या दिराने नेले होते. दुसरा म्हणाला, याने वर अंड्यांचा थर दिला असणार. मी सरकारी नोकर माणूस, माझ्या सचोटीवर असा भरचौकात संशय! मी ताडकन पिशवी उघडली. तळाची काही अंडी तडकली होती आणि त्यांनी उकाड्यात आपले गुण दाखवले होते. रांग चार पावलं मागे गेली.

तपासणाऱ्याने एक चांगलं अंडं सोलायला लावलं, ते खाल्लं, आणि खात्री पटावी म्हणून दुसरंही खाल्लं. "अंडीच आहेत," त्याने रांगेला जाहीर केलं. तडकलेली माशांना गेली. बोट सुटायच्या आत माझा शंभराचा आकडा मोडला होता. उधाणाबद्दल एवढंच सांगतो की सिमेंटची पोतीसुद्धा सरकत होती, आणि बोटीवरच्या सगळ्यांची पोटं रिकामी झाली तरी एकट्या सासूबाईच शेवटपर्यंत विडा चघळत बसल्या होत्या. "दिसत नसलं की लाटांचं काही वाटत नाही," त्या म्हणाल्या.

बेटावर छवीमावशींची झापांची खोपटी आहेत. तिथेच मी फोनवरून चांगली अर्धा तास घासाघीस करून मागच्या बाजूची खोली ठरवली होती. चौथी सूचना, समुद्राकडची खोली कधी घेऊ नये. समुद्र चालत जाऊन फुकट बघता येतो, आणि रात्री आपण डोळे मिटूनच झोपतो. छवीमावशी हसतमुख, गोल बांध्याच्या. कमरेला फुलाफुलांचा एप्रन. त्या म्हणाल्या, "दादा, एक जोडपं सोडलं तर कुणी पाहुणे नाहीतच. त्याच पैशात समुद्राकडची घ्या ना."

मी सावध झालो. फुकट काही मिळत असलं की मी आधी त्यातली खोट शोधतो. "का? तिथे छप्पर गळतं का?"

"अहो, चला आत," मालिवान म्हणाली आणि सामान घेऊन समुद्राकडच्या खोलीत गेलीसुद्धा. छप्पर गळत नव्हतं. मी सगळीकडे हात लावून बघितलं.

आजोबांचं देऊळ खोपटांच्या टोकाला, एका वाकड्या वडाखाली. त्याची सगळी देखभाल छवीमावशींच्या घराकडेच पिढ्यान्‌पिढ्या. दुपारी आम्ही अंडी, हार, उदबत्त्या आणि आजोबांसाठी लाल सोड्याची बाटली घेऊन गेलो. मावशींनी चपला बाहेर काढायला सांगितल्या आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना चटईवर बसवलं.

"आता सांगा आजी, शब्द काय होते?"

आला का प्रश्न! माझ्या डोळ्यांसमोर प्राचुआपकाकांचं कोपर उभं राहिलं.

सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, शंभर जावयाची अंडी देईन."

मावशींनी माझ्या पिशवीत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "दादा, ही तर साधी अंडी आहेत."

तुमच्यासाठी सांगतो. जावयाची अंडी हा आमच्याकडचा एक पदार्थ आहे. अंडी उकडायची, सोलायची, अख्खीच्या अख्खी तेलात सोनेरी तळायची, वर चिंच आणि ताडाच्या गुळाचा रस, त्यावर कुरकुरीत तळलेला कांदा. नाव असं का पडलं याची एक कथा आहे, ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही. त्या कथेत सासूच्या हातात उकळतं तेल आहे आणि जावयाला एक इशारा आहे, एवढ्यावर समजून घ्या.

"आई! तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगत होते. तू म्हणालास अंड्यांचं माझ्यावर सोडा. सोडलं."

"पण मावशी," मी शेवटचा मुद्दा काढला, "जावयाची अंडी म्हणजे जावयाने आणलेली अंडी, असाही अर्थ होतोच की! व्याकरणाने बघा. मी जावई आहे. अंडी मी आणलीत."

मावशी विचारात पडल्या. तोवर आजूबाजूच्या घरांतून, जाळी विणणाऱ्यांतून बरीच मंडळी जमली होती, आणि सगळ्यांना व्याकरणात अचानक रस उत्पन्न झाला. एक म्हणाला, आजोबा खवय्ये आहेत, त्यांना पदार्थच हवा. दुसरी म्हणाली, दादांचं बरोबर आहे, जावयाचा हात लागायलाच हवा. शेवटी मावशींनी निकाल दिला. "दोन्ही अर्थ धरू. धोका नको. पदार्थ करायचा, आणि तो जावयाने करायचा."

मी आयुष्यात स्वयंपाकघरात दिवा मालवण्यापलीकडे काही केलेलं नाही. पण मालिवान माझ्याकडे बघत होती, आणि सासूबाई चटईवर हात जोडून, कुठे बघायचं ते न कळून, माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होत्या. दवाखान्याची तारीख चार दिवसांवर आली होती. मी म्हणालो, "कढई कुठे आहे?"

छवीमावशींनी आपला फुलाफुलांचा एप्रन काढून माझ्या कमरेला बांधला. वडासमोर चूल मांडली. कढईत त्यांनी तेल ओतायला सुरुवात केली आणि ओततच राहिल्या. एवढं तेल आमच्या घरी सणालासुद्धा लागत नाही! "पुरे, पुरे!" मी ओरडलो. कुणीतरी म्हणालं, "नवस याच्या सासूचा आहे की तेल कंपनीचा, याला कळेना झालंय!" सगळे हसले. मी हसलो नाही.

बाजूच्या खोपटात एक तरुण फरांग जोडपं होतं, तेही उत्साहाने येऊन अंडी सोलायला बसलं. थोड्या वेळाने ती मुलगी मावशींना काहीतरी म्हणाली. मावशी म्हणाल्या, "दादा, ते विचारतायत, या स्वयंपाकाच्या वर्गाची फी किती?"

मी तोंड उघडलं. मालिवानने नुसतं बघितलं. मी तोंड मिटलं.

आता तळण्याबद्दल सूचना. सोललेलं अंडं आधी कोरडं पुसून घ्यावं. हे मला सगळ्या बेटाने एकदम ओरडून सांगितलं, पण मी पहिली पाच-सहा ओली अंडी सोडून झाल्यावर. पहिलं अंडं गप्प राहिलं. दुसरं कुरकुरलं. तिसऱ्याचा बार उडाला, आणि ते कुठे गेलं कुणालाच दिसलं नाही. नंतर ते फरांग मुलाच्या टोपीत सापडलं. "टोचा! काटा घेऊन आधी टोचून घ्या!" जाळीवाला ओरडत होता. "आच कमी करा!" "आच वाढवा!" "मागे सरका, मागे सरका, दुसरं आलं!" मी कढईचं झाकण ढालीसारखं धरून उभा होतो, पाणीपट्टी खात्याचा उपलेखापाल, फुलाफुलांच्या एप्रनमध्ये. कचेरीतल्या कुणी मला तसं बघितलं असतं तर मी त्याच दिवशी राजीनामा दिला असता.

पण हळूहळू हात बसला. सोनेरी रंग यायला लागला. मालिवान चिंच-गुळाचा रस ढवळत होती, कांद्याचा वास सुटला होता, आणि मगाचे हसणारे लोक आता ताटल्या आणून मदत करत होते. केळीच्या पानांवर अंडी मांडली. मी मोजली. परत मोजली. सात कमी.

"मावशी," मी खालच्या आवाजात म्हणालो, "आजोबा काही एकेक मोजत बसणार नाहीत. ढोबळमानाने शंभरच."

मावशींनी जीभ चावली. "शब्द शंभरचा आहे दादा."

"इथे दुकानात अंडं कितीला आहे?"

मावशींनी सांगितलं. मी म्हणालो, "अहो, तेवढ्यात आमच्याकडे कोंबडी येते!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "राहू दे. उदबत्ती लावा. मी बोलून घेते त्यांच्याशी."

आता इथे एक गोष्ट कळायला हवी. को नांगखॉयचे आजोबा बहिरे आहेत. मासेमार लोक पिढ्यान्‌पिढ्या नवसाला फटाक्यांच्या माळा लावत आले, त्यात आजोबांचे कान गेले, असं सगळं बेट मानतं. त्यामुळे तिथे मनातल्या मनात काही बोलून चालत नाही. काय मागितलं होतं, काय मिळालं, हे ओरडून सांगावं लागतं. सासूबाईंनी पंचवीस वर्षं जे पोटात ठेवलं होतं, ते आता अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाणार होतं. मी कान टवकारले. माझा अंदाज लॉटरीचा होता.

सासूबाईंनी हात जोडून डोक्याला लावले आणि ओरडल्या, "आजोबा! मी बुआलॉय! ओळखलंत का?"

"वारा आहे आजी, आणखी मोठ्याने!" मावशी म्हणाल्या.

"मी बुआलॉय! माझ्या मालिवानसाठी नवरा मागायला आले होते! म्हटलं होतं, दारू पिणारा नको, पत्ते खेळणारा नको, तिच्यावर हात उगारणारा नको! आणि मी म्हातारी झाले तर मला परकी म्हणणारा नको! असा दिलात तर शंभर जावयाची अंडी देईन म्हटलं होतं, पण पक्की खात्री पटल्यावर! खात्री पटायला पंचवीस वर्षं लागली, राग मानू नका! जावयांचं काही सांगता येत नाही!"

माझ्या हातात अजून झारा होता. तो कुठे ठेवावा मला कळेना.

"गिरणीवाल्याचं स्थळ आलं होतं, ते तुम्हीच परतवलंत, मला ठाऊक आहे! मी त्याला अजून चिडवते, ते तेवढ्यापुरतं! सढळ हाताचा द्या, असं म्हणायचं माझ्याकडून राहून गेलं! ती चूक माझी, तुमची नव्हे! जेवढं मागितलं तेवढंच तुम्ही बरोब्बर दिलंत!"

सगळे खो खो हसले. फरांग जोडपंही हसलं, त्यांना काय कळलं कोण जाणे. मालिवान तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावून हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

सासूबाई दम खाऊन पुढे ओरडल्या, आता आवाज थोडा फाटला होता. "रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांत थेंब घालतो! एक दिवस चुकला नाही! पोटचा मुलगा असता तर विसरला असता! डोळ्यांना काही दिसत नाही, पण हात कुणाचा आहे ते कळतं! म्हणून आता आले! सात अंडी कमी आहेत, सांभाळून घ्या! तो आहेच तसा!"

मी झारा मावशींच्या हातात दिला आणि चालायला लागलो. "अहो, कुठे निघालात?" मालिवानने हाक मारली. मी मागे बघितलं नाही, कारण माझ्या चेहऱ्याचं काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं. वळणावरच्या दुकानात गेलो. म्हणालो, अंडी द्या, एक डझन. दुकानदाराने पैसे सांगितले आणि घासाघिशीची वाट बघत थांबला. मी दिले. त्याने नोट उजेडात धरून बघितली.

एप्रन घालूनच मी तिथे गेलो होतो, हे परत येताना लक्षात आलं.

अंडी उकडली, सोलली, पुसली, टोचली, तळली. एकही उडालं नाही. पानांवर मांडली. मावशींनी मोजली आणि म्हणाल्या, "दादा, पाच जास्त झाली."

"असू देत," मी म्हणालो.

सासूबाईंनी हात लांब करून माझं कपाळ चाचपलं. "मालिवान, याला ताप आहे का बघ गं."

उदबत्त्या जळून खाली आल्या, म्हणजे आजोबांचं जेवण आटोपलं. मग पानं उचलून सगळ्यांनी तिथेच वाळूत बसून भाताबरोबर अंडी खाल्ली. जाळीवाल्याने मासे आणले, कुणी पपईचं तिखट कुटायला आमचाच खलबत्ता घेतला. सासूबाईंनी माझं अंडं चाखलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाल्या, "चिंच जास्त पडलीय. गिरणीवाल्याकडे म्हणे..." आणि स्वतःच हसत सुटल्या. मालिवान पूर्ण कपड्यांनिशी समुद्रात जाऊन बसली होती आणि लाट आली की लहान मुलीसारखी किंचाळत होती. समुद्राकडची खोली वाईट नसते, हीही सूचना लिहून ठेवायला हरकत नाही.

सूर्य कलला तशी मी थेंबांची बाटली काढली. सासूबाई खोपटाच्या पायरीवर बसल्या होत्या. नेहमीप्रमाणे त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे उघडे धरले. मी वाकलो. तेवढ्यात एक थेंब त्यांच्या डोळ्याच्या कडेने निसटला आणि गालावरून हळूहळू खाली गेला.

"घालवलास ना एक वाया?" सासूबाई म्हणाल्या. "आज तुझा हातच सैल सुटलाय."

बाटलीचं झाकण मी अजून उघडलंच नव्हतं.

"हो आई," मी म्हणालो. "चुकलं माझं."